आमची वाटचाल : मेसपासून देशोदेशींच्या ताटापर्यंत

पुण्यातील कोंढवा भागात २००९ साली आम्ही पती-पत्नींनी विद्यार्थ्यांसाठी मेस सुरू केली, तेव्हा पोळी-भाजी, वरण-भात आणि रविवारचा मसालेभात यांपलीकडे काही देण्याचा विचार मनात नव्हता. परंतु इराण, येमेन, सुदान, इथिओपिया अशा देशांतून पुण्यात शिकायला आलेली काही मुले आमच्याकडे जेवू लागली आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या घरचे रांधण्यासाठी स्वयंपाकघर मिळेल का, अशी विचारणा होऊ लागली. दुपारची पंगत उठल्यावर रिकाम्या पडणाऱ्या शेगड्या आम्ही त्यांना दिल्या. आजच्या आमच्या सहा टेबलांच्या उपाहारगृहातील बहुतेक पदार्थ त्याच शेगड्यांवर प्रथम शिजले.

सुरुवात इथिओपियाच्या जेवणाने झाली, कारण ते मराठी गिऱ्हाइकाला समजावणे सर्वांत सोपे होते. तिथला शिरो म्हणजे मसाला घातलेल्या हरभऱ्याच्या पिठाचे कालवण. आमच्या पिठल्याचा तो लांबचा नातेवाईकच. शिवाय तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करतात व त्या दिवशी मांस, अंडी, दूध वर्ज्य मानतात, त्यामुळे मसूर, पालेभाज्या आणि कडधान्ये यांचे कितीतरी प्रकार त्या स्वयंपाकात तयारच आहेत. मसुराचे झणझणीत कालवण उपवासाला चालते, हे ऐकून साबुदाण्यावर वाढलेली आमची गिऱ्हाइके आजही चकित होतात.

खरी अडचण इंजेराची होती. ही आंबवलेली मोठी, मऊ पोळी टेफ नावाच्या अतिशय बारीक धान्याच्या पिठाची करतात. पीठ दोन-तीन दिवस आंबवून तव्यावर एकाच बाजूने भाजतात आणि वरच्या बाजूला जाळी पडते. देशातील भाव चढू नयेत म्हणून इथिओपियाने कच्च्या टेफच्या निर्यातीवर २००६ साली बंदी घातली होती, आणि पुढे अन्य देशांतील टेफ मागवून पाहिले तरी त्याचा भाव आमच्या ताटाला परवडेना. तेव्हा आम्ही नाचणी आणि तांदूळ यांचे मिश्रण आंबवू लागलो. आंबटपणा बरोबर येतो, जाळी मात्र तितकी नाजूक पडत नाही. म्हणून मेनूकार्डावर ‘नाचणीचा इंजेरा’ असेच छापले आहे, आणि टेफचा हवा असल्यास आगाऊ सांगावे लागते.

पुण्याला इराणी हॉटेल नवे नाही, पण बनमस्का आणि चहा यांवरून इराणी घरातील जेवणाची कल्पना येत नाही. कोथिंबीर, पार्सली आणि मेथीचा पाला बराच वेळ परतून, त्यात राजमा, मटण आणि वाळवलेली लिंबे घालून केलेले घोरमे सब्जी आम्ही ठेवले, तेव्हा त्याचा काळपट हिरवा रंग पाहून लोक प्रथम बिचकले. त्यांना धीर दिला तो मेथीच्या ओळखीच्या वासाने. येमेनच्या सल्ताहमध्ये हीच मेथी दाण्यांच्या रूपात येते: पूड भिजवून, वरचे कडवट पाणी टाकून ती फेसाळेपर्यंत घोटतात आणि दगडी भांड्यात उकळत्या रश्शावर पसरतात. चव मराठी जिभेला सोसेल अशी सौम्य करावी, असा सल्ला अनेकांनी दिला. आम्ही तो मानला नाही, कारण त्या देशातील मुलांनी चाखून होकार दिल्याखेरीज पदार्थ विक्रीला ठेवायचा नाही, हा नियम आम्ही पहिल्यापासून पाळला आहे.

२०२० च्या टाळेबंदीत परदेशी विद्यार्थी मायदेशी परतले आणि काही काळ आम्ही केवळ साध्या डब्यांवर तगलो.

अलीकडे मागणी जॉर्जियन पदार्थांची आहे, आणि ती करणारी बरीच मंडळी मराठीच आहेत, कारण वैद्यकीय शिक्षणासाठी महाराष्ट्रातून अनेक मुले जॉर्जियाची राजधानी तिबिलिसीला जातात आणि सुट्टीत आई-वडिलांना घेऊन येतात. खिंकाली मोदकासारखी मुखऱ्या घालून वळतात, पण आत मांसाचे सारण आणि रस असतो. शेंड्याला धरून, रस आधी शोषून खावी लागते आणि जाड शेंडा ताटात ठेवून देतात. मुखऱ्या बारीक घालणारे हात आमच्याकडे दोनच असल्याने सध्या ती फक्त शनिवारी आणि रविवारी मिळते.