बिरड्याचा सण, अलिबाग, २०२४

आमच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, घरांत सणांची नावे बहुतेक स्वयंपाकघरातून आलेली आहेत. हिब्रू पंचांगात ज्या दिवसाला 'तिशा बआव', म्हणजे आव महिन्याची नवमी म्हणतात, आणि ज्या दिवशी यरुशलेमचे मंदिर दोनदा उद्ध्वस्त झाले म्हणून जगभरचे ज्यू पंचवीस तास अन्नपाण्यावाचून राहतात, त्या दिवसाला कोकणातल्या आमच्या आज्या 'बिरड्याचा सण' म्हणत आल्या. मंदिराचे नाव मागे पडले आणि त्या दिवसांत पानात वाढले जाणारे मोड आलेल्या वालांचे बिरडे तेवढे लक्षात राहिले, याची मला लहानपणी गंमत वाटे, आणि थोडी मोठी बुद्धी आल्यावर लाजही वाटे. २०२४ साली हा रोजा, म्हणजे उपास, मी प्रथमच पूर्ण, आणि तोही अलिबागच्या इस्रायल आळीत राहून पाळला. त्यानंतर ती लाज उरली नाही.

खरे सांगायचे तर त्याआधीची माझी नोंद फारशी अभिमानाची नव्हती. ठाण्यात राहून, बँकेतली नोकरी सांभाळून, मी हा रोजा बहुधा दुपारपर्यंतच धरत असे. दार फाळणीचा सण, म्हणजे योम किप्पूर, कधी चुकवला नाही, कारण त्या दिवशी आपण आपल्या स्वतःच्या पापांची क्षमा मागतो आणि त्यात स्वतःचे काही गुंतलेले असते. पण दोन हजार वर्षांपूर्वी पडलेल्या इमारतीसाठी आज उपाशी का राहायचे, हे मला कधी नीट कळले नव्हते. शिवाय आमच्या समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांचे म्हणणे खरे मानले, तर नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून वाचलेली, आमचा समाज ज्यांच्यापासून वाढला ती सात जोडपी दुसऱ्या मंदिराच्या नाशापूर्वीच तिकडून निघाली होती. म्हणजे रोमनांनी इसवी सन ७० मध्ये जे मंदिर जाळले, त्याच्या नाशाची बातमीसुद्धा आमच्या पूर्वजांना पुष्कळ उशिरा लागली असणार. ज्या मयताला आपले कोणी हजर नव्हते, त्याचे सुतक आपण धरायचे, असा काहीसा तो प्रकार मला वाटत असे.

माझे वडील मात्र दर वर्षी या रोजासाठी अलिबागला जात, कारण तिथे मिन्यानला, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला लागणाऱ्या संख्येला, माणसे कमी पडत. तेरा वर्षांवरील दहा पुरुष जमल्याशिवाय मिन्यान होत नाही, आणि मिन्यान नसेल तर कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना, म्हणता येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये वडील गेले. जुलै २०२४ मध्ये आळीतल्या काकांचा फोन आला. त्यांनी फार काही सांगितले नाही. "तुझे बाबा गेले, म्हणजे इथला एक माणूस कमी झाला. तू येशील ना?" एवढेच त्यांनी विचारले. मी स्वतः वडिलांचे कद्दीश म्हणत होतो, त्यामुळे दहा माणसांची गरज मला रोजच पडत होती. नाही म्हणण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते.

या रोजाची तयारी एका दिवसात होत नाही. आवच्या आधीच्या तामूझ महिन्याच्या सतराव्या दिवशी, त्या वर्षी २३ जुलैला, पहिला रोजा होतो. तो पहाटेपासून रात्रीपर्यंतचाच असतो, आणि तिथून तीन आठवडे लग्ने, समारंभ, केस कापणे बंद होते. आव महिना लागला की मांस आणि द्राक्षरसही बंद होतो. ज्यू विद्वानांनी यातली एक गोष्ट नोंदवलेली आहे, जी वडिलांच्या वर्षात मला नेमकी जाणवली. घरातले माणूस गेले की पहिले सात दिवस सर्वांत कडक असतात, मग तीस दिवसांचे थोडे सैल, मग अकरा महिने केवळ कद्दीशचे, असे दुःख पायरी पायरीने उतरत जाते. मंदिराचे दुःख याच्या उलट चालते. ते हलके सुरू होऊन पायरी पायरीने चढते आणि नवव्या दिवशी माणसाला जमिनीवर बसवते. ताज्या दुःखाला आवर घालावा लागतो आणि जुने दुःख आठवणीने जागे करावे लागते. मी त्या वर्षी दोन्ही जिने एकाच वेळी चढत-उतरत होतो.

योगायोग असा की २०२४ मध्ये आव महिना आणि श्रावण एकाच दिवशी, सोमवारी ५ ऑगस्टला सुरू झाले. तसे पाहिले तर याला योगायोग म्हणणेही बरोबर नाही. दोन्ही पंचांगे चंद्रावर चालतात आणि अधिक महिना घालून सूर्याशी मेळ घालतात, म्हणून आमची नवमी बहुतेक वर्षी श्रावण शुद्ध नवमीच्या आसपास येते, आणि कधी आषाढात जाते. माझ्या ठाण्याच्या इमारतीत त्यामुळे मांसाहार न करणारा मी एकटाच नव्हतो. शेजारच्या वहिनींनी तर "तुम्हीपण श्रावण पाळता का?" असे कौतुकाने विचारले आणि मी अर्धवट मान हलवली. सगळे समजावून सांगायचे म्हटले तर पहिले मंदिर पाडणाऱ्या नबुखद्नेस्सर राजापासून सुरुवात करावी लागली असती.

शनिवारी रात्री शाबाथ, म्हणजे आमचा विश्रांतीचा दिवस, संपल्यावर आईने कडवे वाल भिजत घातले. रविवारी ते उपसून फडक्यात बांधले. पावसाळी दमट हवेत सोमवारी सकाळपर्यंत त्यांना चांगले मोड आले होते. कोमट पाण्यात टाकून एकेक वाल चिमटीत धरून सोलायचा, हे काम वेळखाऊ आहे आणि त्यात बोटांना येणारा वास दिवसभर जात नाही. आई म्हणाली की तिच्या लहानपणी हे काम घरातल्या सगळ्या बायका जमिनीवर गोल बसून करत आणि त्या वेळी गाणी म्हणायची नाहीत असा दंडक असे. सोललेल्या डाळिंब्यांचा डबा घेऊन आम्ही दोघे भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला उतरलो आणि दुपारी अलिबागला पोहोचलो. श्रावणी सोमवार असल्यामुळे कनकेश्वराकडे जाणाऱ्यांची वाटेत गर्दी होती.

काकूंनी चार वाजता पाने मांडली. केळीच्या पानावर तांदळाची भाकरी आणि नारळाच्या रसातले, आमसुलाचे बिरडे होते. हे झाले पोटभर जेवण. रोजापूर्वीचे खरे शेवटचे जेवण वेगळे असते. ते सूर्यास्ताच्या थोडे आधी, जमिनीवर बसून, एकट्याने करायचे असते, आणि त्यात शिजवलेला पदार्थ एकच चालतो. तिघांनी एकत्र बसायचे नाही, नाहीतर जेवणानंतरची सामुदायिक प्रार्थना म्हणण्याइतके ते 'पंगतीचे' जेवण होईल. एक उकडलेले अंडे, पावाचा तुकडा, पाणी आणि चिमूटभर राख. राख कुठून आणायची, हा शहरातल्या माणसाचा प्रश्न. काकांकडे अजून अंघोळीच्या पाण्याचा बंब आहे. त्यातलीच राख त्यांनी वाटीत आणली. काका एका कोपऱ्यात, मी दुसऱ्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून बसलो. राखेला चव नसते असे मला वाटत होते. ती असते आणि दातांत कचकचते.

त्याच वेळी पलीकडच्या घरात सोमवारचा उपास सुटत होता. फोडणीचा वास आमच्या पडवीत येत होता. त्यांचा दिवस जिथे संपत होता तिथे आमचा सुरू होत होता. साडेसहाला मी चामड्याचा पट्टा काढून ठेवला. नियम खरा चामड्याच्या पायताणांपुरता आहे, पण मला अति सावधपणाची हौस आली होती. काका हसले आणि म्हणाले की पावसाळ्यात कोकणात सगळेच रबरी चपला घालतात, तेव्हा ही एक आज्ञा इथे गावातले सगळेच पाळतात.

सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनागृहाला, आमची म्हातारी माणसे अजून 'मशीद' म्हणतात. अलिबागच्या मागेन अबोथ सिनेगॉगमध्ये आम्ही साडेसातच्या सुमारास पोहोचलो. हेखालवरचा, म्हणजे धर्मग्रंथाच्या कपाटावरचा, पडदा काढलेला होता, दिवे मालवलेले होते आणि तेबासमोर, म्हणजे वाचनाच्या चौथऱ्यासमोर, चटया अंथरल्या होत्या. मी मोजले तर आम्ही नऊ होतो. मोजताना माणसांना आकडे देत नाहीत. दहा शब्दांचे एक वचन म्हणत प्रत्येकावर एक शब्द ठेवतात आणि त्या दिवशी शेवटचा शब्द कोणावरच पडला नाही. दहावे गृहस्थ एसटीने येत होते आणि पाऊस धो-धो लागला होता. वीस मिनिटे कोणी काही बोलले नाही. एकमेकांना 'शालोम' म्हणायचे नसते, खुशाली विचारायची नसते, मग बोलणार काय? मधेच आळीतला एक मुलगा दारात येऊन "लाइट गेली का? आमच्याकडे आहे" असे सांगून गेला. मी त्या वीस मिनिटांत वडिलांचा विचार केला नाही, मंदिराचाही नाही. मला एवढेच वाटत होते की एक माणूस यावा. इतक्या तीव्रतेने मी बऱ्याच दिवसांत कशाची वाट पाहिली नव्हती. ते आले. छत्री उलटी झालेली, विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली. कोणी त्यांचे स्वागत केले नाही, फक्त सरकून चटईवर जागा केली, आणि प्रार्थना सुरू झाली.

मेणबत्तीच्या उजेडात 'एखा' वाचतात. मराठी बायबलमध्ये या ग्रंथाला विलापगीत म्हणतात. पाच अध्याय आहेत. पहिला, दुसरा आणि चौथा हिब्रू बाराखडीच्या बावीस अक्षरांवर बांधलेला आहे, तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन म्हणजे सहासष्ट ओव्या आहेत, आणि पाचव्यात बावीसच ओव्या असल्या तरी अक्षरांचा क्रम मोडलेला आहे, जणू रडताना बाराखडीच विसरली. सुरुवातच अशी आहे की जी नगरी माणसांनी भरलेली होती ती कशी एकटी बसली आहे, विधवेसारखी झाली आहे. वाचणाऱ्या काकांचा आवाज तिथे लागला नाही, आणि मला एकदम बाहेरची आळी दिसली. येताना मी कुलपे पाहिली होती. १९४८ नंतर या घरांतली माणसे एकेक करून इस्रायलला गेली. २०११ च्या जनगणनेत सबंध भारतात साडेचार हजारांच्या आसपास ज्यू उरले होते, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात. नगरी एकटी बसली आहे ती इथली. आणि ती एकटी का, तर तिची माणसे ज्या नगरीसाठी शतकानुशतके रडली त्या नगरीच्या देशात राहायला गेली म्हणून. यात दोष कोणाचाच नाही. त्या रात्री माझा एक चुलतभाऊ अश्दोदमध्ये हाच अध्याय ऐकत होता. तिकडे युद्ध चालू होते आणि नेमक्या याच दिवशी क्षेपणास्त्रे येतील अशी धास्ती होती. हे दुःख कोणाचे, हा माझा जुना प्रश्न मला तिथे चटईवर बसून विचारावासा वाटला नाही.

शेवटी मी कद्दीश म्हटले आणि बाकीच्या नऊ जणांनी 'आमेन' म्हटले. मंदिर पडल्याला किती वर्षे झाली हे हझानने, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याने, मोठ्याने पुकारले. नंतर सगळे उठले आणि काही न बोलता निघून गेले. मयताच्या घरून निघताना आपल्याकडे 'येतो' म्हणत नाहीत. ते मला कोणी शिकवावे लागले नाही.

दुसऱ्या दिवसाचे फार सांगण्यासारखे नाही. सकाळी तोंड धुवायचे नसते, फक्त बोटे पेरांपर्यंत ओली करायची. अकरापर्यंत मी बरा होतो. त्यानंतर चहाअभावी डोके असे ठणकायला लागले की विलाप-प्रार्थनांच्या पुस्तकातली अक्षरे हलू लागली. ही चूक माझीच होती. काकांनी आठवडाभर आधी चहा निम्म्यावर आणायला सांगितले होते, आणि मी सोमवारी सकाळीसुद्धा तीन कप घेतले होते. तहान मला उपासाइतकी सतावली नाही, कारण रविवारपासून पाणी भरपूर पीत होतो आणि बिरड्यात मीठ बेताचेच होते. आईला मधुमेह आहे. तिने रोजा धरायचा हट्ट केला तेव्हा काकांनी तिला स्पष्ट सांगितले की आजाऱ्याने हा रोजा धरू नये असेच धर्म सांगतो, आणि तिच्यासमोर बसून तिला भाकरी खायला लावली. स्वतः उपाशी असताना दुसऱ्याला जेवताना पाहणे हा त्या दिवसातला सर्वांत सोपा भाग होता, हे मला अनपेक्षित होते.

मध्यान्हीनंतर चटया गुंडाळून बाकांवर बसायची मुभा मिळते. सकाळी न घातलेले तल्लेथ (प्रार्थनेची शाल) आणि तेफिलीन (दंडाला व कपाळाला चामडी पट्ट्यांनी बांधायच्या, धर्मवचने ठेवलेल्या डब्या) दुपारच्या प्रार्थनेला घातले. वडिलांचे तेफिलीन मी त्या दिवशी प्रथम बांधले आणि दंडावरचा पट्टा मला एक वेढा जास्त घ्यावा लागला. एवढाच फरक.

संध्याकाळी तारे दिसायची सोय नव्हती. ढगांमुळे घड्याळावरच विसंबावे लागले. मंगळवार असल्याने आळीच्या टोकाच्या एका घरी मंगळागौर होती आणि फुगड्यांचा आवाज येत होता. आम्ही हात धुतले, काकूंनी चहा दिला आणि बिरडे गरम केले. मांस दुसऱ्या दिवशीही चालत नाही, कारण मंदिर नवमीला पेटले तरी दशमीला दिवसभर जळत होते. बुधवारी सकाळी आईला घेऊन निघताना मी काकांना "येतो" म्हणालो.

"ये," ते म्हणाले, "आणि पुढच्या वर्षी अजून एक माणूस घेऊन ये. एसटीचा भरवसा नाही."