मग काच कशाला?

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

दौलतगंजच्या काकू संध्याकाळी येऊन गेल्या. माझ्या बेडकांच्या काचेच्या पेटीसमोर खुर्ची ओढून त्यांनी दहा मिनिटे वाट पाहिली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले आणि अखेर म्हणाल्या, "अगं, यात दिसत तर काहीच नाही. मग काच कशाला?" त्या सहज बोलल्या हे मला कळते, तरीही त्या गेल्यापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

काहीच दिसत नाही, असे कसे? ४५ सेंटीमीटर लांब, तेवढीच रुंद आणि तेवढीच उंच अशी ती पेटी उभी करायला मला पावणेतीन महिने लागले. तळाशी भाजक्या मातीच्या गोळ्या घातल्या, म्हणजे फवाऱ्याचे जास्तीचे पाणी खाली उतरावे आणि वरची माती कुजू नये. त्यांवर बारीक जाळी, जाळीवर नारळाचा भुसा, शेवाळ आणि कोळसा यांचे मिश्रण, आणि सर्वांत वर उकळून वाळवलेली देशी बदामाची पाने. स्प्रिंगटेल नावाचे जेमतेम दिसणारे पांढरे किडे मी इस्त्रीवाल्याकडून आणलेल्या कोळशावर महिनाभर वाढवले आणि मगच त्या पानांत सोडले, कारण पेटीतली बुरशी तेच खाऊन साफ ठेवतात. पाणीसुद्धा आरओचे, कारण नळाच्या पाण्यातले क्लोरीन बेडकांच्या कातडीला सोसत नाही. रोपांनी मुळे धरीपर्यंत पेटी रिकामीच ठेवली. एवढे करून बेडूक राहतात कुठे, तर मागच्या कोपऱ्यात मी घाईघाईने उपड्या घातलेल्या करवंटीखाली.

हे हिरवे-काळे डार्ट बेडूक कोस्टा रिका, पनामा या भागांतल्या ओल्या जंगलातले. जातभाईंमध्ये ते लाजाळू म्हणूनच ओळखले जातात, हे मी आणण्यापूर्वीच वाचले होते. पिवळे-काळे त्यांच्याहून धीट असतात, हेही वाचले होते. तरी मला हिरवेच का हवे होते, ते असो. काकूंना वाटले, विषारी म्हणून मी त्यांना झाकून ठेवले आहे. त्यांचे विष जंगलात खाल्लेल्या मुंग्या-किड्यांतून येते, पेटीत जन्मून चिलटांवर वाढलेल्यांच्या अंगी ते नसते, असे मी समजावून सांगितले, तर त्या म्हणाल्या, "म्हणजे तेही नाही."

आज बाहेर ४४ अंश होते. बेडकांना २४-२५ लागतात आणि ३० च्या वर गेले की जिवावर बेतते, म्हणून त्या खोलीतला एसी दिवसभर चालू असतो. आई मात्र शेजारच्या खोलीत कूलरसमोर... त्याविषयी आज लिहीत नाही.

दमून घरी यावे आणि काचेपलीकडे कोणीतरी बसलेले दिसावे, एवढीच माझी अपेक्षा होती. आपण जीव ओतून सगळे मांडावे आणि ज्याच्यासाठी मांडले त्याने करवंटीखाली जाऊन बसावे, हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडते आहे असेही नाही. काच कशाला, हा प्रश्न मला आणखी दोन-तीन ठिकाणी विचारता आला असता.

जेवताना हे सारे आईसमोर बोलून दाखवले. ती आमटी वाढता वाढता म्हणाली, "काकूंना दुपारी बोलवायचं होतंस. साडेतीनला मोठा बाहेर येतो, पाण्याच्या वाटीपाशी बसतो. धाकटा वर पानाच्या बेचक्यात चढतो." गेले पंधरा दिवस ती दुपारी त्याच खोलीत चटई टाकून पडते, हे मला आज कळले. मला का नाही सांगितलेस, असे मी जरा चिडूनच विचारले.

"तू टॉर्च घेऊन येतेस," आई म्हणाली, "मग ते कशाला थांबतील?"

डार्ट बेडूक दिवसा वावरतात, रात्री झोपतात. ही माहिती मला पहिल्या दिवसापासून होती, आणि तरी मी रोज रात्री पेटीतला दिवा बंद झाल्यावर टॉर्च घेऊन करवंटी उचलत होते. साडेतीनला मी ऑफिसात असते. रविवारी चटईवर आईशेजारी जागा मिळते का ते पाहावे लागेल. ती म्हणाली, मिळेल, पण मोबाइल बाहेर ठेवायचा.

उद्या येताना केळी आणायला हवीत. चिलटांच्या बरणीसाठी काळी पडू दिलेली दोन केळी आईने आज शिकरणात घातली.