वढवाण्याचे कादंब आणि विजेचा खांब

डभोईच्या रस्त्याला लागलो तेव्हा उजाडायचं होतं. मामाने कॅमेऱ्याची बॅग मांडीवर घेतलेली; मागच्या सीटवर ठेव म्हटलं तर ऐकत नाही. बडोद्याच्या दांडिया बाजारात जन्म गेलेला आणि फिल्म रोलच्या काळात शिकलेला माणूस. छत्तीस फ्रेम संपल्या की मुकाट घरी यायचं, हा त्याचा संस्कार. माझ्या कार्डात दोन हजार फोटो मावतात, याची त्याला कीव येते.

डभोईची हिरा भागोळ ही जुनी वेस, १८६२ साली बैलांनी ओढलेली गायकवाडांची नॅरोगेज रेल्वे, हे सगळं बाजूला ठेवून पुढे निघालो. बडोद्यापासून वढवाणा तलाव पन्नासेक किलोमीटर. हिवाळ्यात सूर्य वर यायच्या आत पोचायला हवं, कारण पट्टकादंब हे हिवाळी पाहुणे पक्षी आजूबाजूच्या शेतांत चरून पाण्यावर परततात ते याच वेळी.

बांधावर धुकं होतं. आधी नुसते आवाज, मग राखाडीत राखाडी रांगा. डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेला हा पक्षी मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतो, हे पुस्तकात शंभरदा वाचलं तरी समोर उतरताना पटत नाही. खाली चांदवा पाणपक्ष्यांचा काळा गालिचा, मधेच लालसरी बदकाचं तांबूस डोकं. धुक्यात कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं. पांढरं काही दिसलं की ते त्याला करडं करून टाकतं. म्हणून उजेड एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवून घेतला. आता ही लबाडी की दुरुस्ती? मी दुरुस्ती म्हणेन, कारण डोळ्यांना ते धुकं पांढरंच दिसत होतं.

तेवढ्यात पलीकडे एक गाडी थांबली आणि हॉर्नवर हॉर्न. उडता थवा हवा होता त्यांना, आणि मिळालाही. परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवायची असते त्या पक्ष्याला. प्रत्येक फुकटचं उड्डाण त्यातूनच जातं. तो फोटो सुंदर आला असेल, नाही म्हणत नाही. पण त्यात थवा उडाला हे खरं, आणि का उडाला हे गायब. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत २००९ साली फाटकावरून झेपावणाऱ्या लांडग्याच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं होतं. लांडगा पाळीव आणि शिकवलेला असावा असं परीक्षकांचं मत झालं आणि बक्षीस काढून घेतलं. फोटोत एक पिक्सेलही बदललेला नव्हता.

रवि वर्म्याच्या चित्रातला हंस दमयंतीशी बोलतो, पण चित्रकाराला कोणी विचारत नाही की बाबा, तू हे कुठे पाहिलंस. आम्हा फोटो काढणाऱ्यांना विचारतात, आणि विचारावंच.

आमचं भांडण मात्र वेगळ्याच गोष्टीवरून झालं. कादंबांची एक रांग पाण्यावर उतरत होती आणि मागे विजेचा खांब, पंपाची खोली, शेतात वाकलेली बाई. मी दोन पावलं सरकून खांब फोटोच्या कडेबाहेर घालवला.

"काय काढतोयस?" मामा म्हणाला.

"निसर्ग."

"हा पाटबंधाऱ्याचा तलाव आहे रे. सयाजीरावांच्या राज्यात बांधलेला. ओरसंग नदीचं पाणी कालव्याने आणलंय. खांब काढलास तर राहिलं काय?"

माझ्याकडे उत्तर होतं: कुठे उभं राहायचं हे ठरवण्यातच तर कला आहे, आणि कडेबाहेर ठेवणं म्हणजे पुसणं नव्हे. स्पर्धांचे नियमही तेच म्हणतात, क्रॉप चालेल पण चित्रातली वस्तू काढणं, घालणं, हलवणं चालणार नाही. पण वढवाण्याच्या बाबतीत मामाचंच खरं, असं आता वाटतं. १९१०च्या सुमाराला सिंचनासाठी झालेला हा तलाव २०२१मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेला. पाखरं इथे येतात ती पाण्यासाठी आणि भोवतीच्या पिकांसाठी. ती बाई चित्रातून गेली की पाहणाऱ्याला वाटणार, मंगोलियातलं निर्जन सरोवर असावं. बडोद्यातल्या विश्वामित्री नदीतल्या मगरीचा फोटो काठावरचं प्लास्टिक टाळून काढतात, त्याचंही हेच.

मग लेन्स मागे ओढली, सहाशे मिलिमीटरची दीडशेवर आणली. कादंब लहान झाले. खरं सांगायचं तर रचना सांभाळायला जास्त अवघड. खांबाची उभी रेघ आणि रांगेची तिरपी रेघ एकमेकांना कापू नयेत म्हणून गुडघ्यावर बसावं लागलं. मामाने त्या वेळात तीन फोटो काढले. तीनच.

दहाच्या पुढे उन्हात पाण्यावरची हवा थरथरायला लागते, लांबचे फोटो मऊ येतात, निघालो. बडोद्यात सेवउसळ खाताना मामाने माझा खांबवाला फोटो फोटो क्लबच्या स्पर्धेतल्या निसर्ग विभागासाठी निवडला. मी म्हटलं, माणूस दिसतो, बाद होईल. त्याने मोबाइलवर नियम उघडून दाखवला: माणसाने बदललेल्या परिसराशी जुळवून घेतलेले जीव, उदाहरणार्थ गव्हाणी घुबडं आणि करकोचे, यांच्या कथेत माणसाच्या खुणा चालतात. कादंब त्यात बसतात की नाही यावर दुसरी प्लेट संपेपर्यंत वाद झाला. शेवटी फोटो पाठवला, आणि खाली ओळ मामाने सांगितली तीच लिहिली: वढवाणा सिंचन तलाव, तालुका डभोई.