तुम्ही विचारलंत म्हणून: डायव्हिंगच्या घड्याळाचा ऑलिंपिकशी काय संबंध?

माझ्या हातात जे घड्याळ असतं ते ओमेगाचं सीमास्टर डायव्हर ३०० एम, रिओ २०१६ चं लिमिटेड एडिशन. एकूण ३,०१६ काढली होती, त्यातलं एक. ते बघून प्रश्न ठरलेला असतो. ऑफिसमध्ये, स्विमिंग पूलवर, लग्नात शेजारी बसलेल्या काकूंकडून सुद्धा, थोड्याफार फरकाने एकच, "हे तर पाण्यात बुडी मारायचं घड्याळ ना गं, मग ऑलिंपिकचं कसं? नुसता शिक्का मारून महाग विकतात ना?" उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही मला, दोन वाक्यं बोलते आणि तेवढ्यात कोणीतरी हाक मारतं. म्हणून एकदा नीट लिहूनच काढते.

पहिली गोष्ट, प्रश्न चुकीचा नाहीये. खेळांच्या नावाने निघणारी बरीच घड्याळं खरंच शिक्का मारलेलीच असतात, नेहमीचंच मॉडेल, मागच्या झाकणावर लोगो, आणि नगांची संख्या त्या वर्षाइतकी. व्हँकुव्हरला २,०१०, सोचीला २,०१४, प्याँगचँगला २,०१८. आता ही तिन्ही हिवाळी ऑलिंपिक, म्हणजे बर्फाचे खेळ, आणि घड्याळ मात्र पाण्याखालचं, तिथे काकूंचं म्हणणं मला मान्य आहे. लंडन २०१२ च्या वेळी ओमेगाने १,९४८ नग काढले कारण लंडनला आधीचं ऑलिंपिक १९४८ साली झालं होतं आणि तिथेही वेळ मोजायला ओमेगावालेच होते, तो आकडा मला जास्त आवडतो, त्यात जरा विचार आहे.

पण रिओचं घड्याळ मला वेगळं वाटतं आणि त्याचं कारण डायलवरच आहे. कोपाकबाना बीचच्या कडेने जो लांबलचक फूटपाथ आहे ना, काळ्या-पांढऱ्या दगडांचे छोटे तुकडे बसवून केलेला, त्यावर लाटांची नक्षी आहे, फोटोत तुम्ही नक्की बघितली असेल. ती नक्षी मूळची पोर्तुगालची, लिस्बनच्या रोसिओ चौकात तशीच फरशी आहे, तिथून ती समुद्र ओलांडून ब्राझीलला गेली. या डायलवर तीच लाट आहे पण काळ्यावर काळी. समोरून बघितलं तर नुसतं काळं डायल दिसतं, मनगट जरा तिरपं केलं की प्रकाश घसरत जातो आणि लाटा एकेक करून वर येतात. बेझलवर, म्हणजे डायलभोवतीच्या कड्यावर, ऑलिंपिकचे रंग आहेत, तेही भडक नाहीत. बाकी सगळं रोजच्या वापरातलं स्टीलचं ४१ मिलिमीटरचं घड्याळ.

आणि त्या फूटपाथसमोरच्या समुद्रात काय झालं ते सांगते. १६ ऑगस्ट २०१६, पुरुषांची १० किलोमीटर मॅरेथॉन स्विमिंग. पूल नाही, लेन नाही, उघडा समुद्र. जवळजवळ दोन तास पोहून शेवटी दोन माणसं एकदमच पोचली, नेदरलँड्सचा फेरी वेर्टमन आणि ग्रीसचा स्पिरोस यानिओतिस, दोघांची वेळ १ तास ५२ मिनिटं ५९.८ सेकंद. हुबेहूब एक. मग फोटो फिनिश बघितला आणि सोनं वेर्टमनला मिळालं. यानिओतिस तेव्हा ३६ वर्षांचा होता. १० किलोमीटर पोहायचं, लाटा खायच्या, बाजूच्याची कोपरं खायची, आणि शेवट फोटोत बघून ठरवायचा. डायलवरच्या लाटा वर आल्या की मला हटकून ही रेस आठवते, मी काय करू.

आता पाणी आणि वेळ यांचा संबंध. इथे मला थोडं मागे जावं लागेल, कंटाळू नका.

ओमेगाने ऑलिंपिकची वेळ पहिल्यांदा मोजली १९३२ साली लॉस एंजेलिसला. स्वित्झर्लंडहून एक घड्याळजी ३० स्टॉपवॉच घेऊन गेला, बस एवढंच, एक माणूस आणि ३० घड्याळं. सेकंदाचा दहावा भाग मोजता यायचा. धावण्याच्या शर्यतीत ते कसंबसं चालायचं, कारण छाती रेषेला लागताना दिसते तरी. पोहण्यात काय होतं की शेवटच्या क्षणी सगळीकडे फेस, पाणी उडतंय, हात पाण्याखालून भिंतीला लागतोय की वरून ते वरच्या माणसाला कळतच नाही.

१९६० चं रोम. १०० मीटर फ्रीस्टाइलची फायनल, ऑस्ट्रेलियाचा जॉन डेव्हिट आणि अमेरिकेचा लान्स लार्सन. पहिला कोण हे बघणाऱ्या तीन पंचांपैकी दोघं म्हणाले डेव्हिट. दुसरा कोण हे बघणाऱ्या तिघांपैकी दोघं म्हणाले दुसरा डेव्हिट, म्हणजे पहिला लार्सन. झाले ना तीन-तीन! मग स्टॉपवॉच बघा, डेव्हिटच्या तिन्ही घड्याळांत ५५.२ आणि लार्सनच्या ५५.०, ५५.१, ५५.१. म्हणजे एकही घड्याळ डेव्हिटला पुढे दाखवत नव्हतं. तरी मुख्य पंचाने निकाल डेव्हिटच्या बाजूने दिला आणि कागदावर लार्सनची वेळही ५५.२ करून टाकली. लार्सनला रौप्य. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरंच राग आला होता, आजही येतो. घड्याळ खरं सांगत होतं आणि माणसाच्या डोळ्यावर जास्त विश्वास ठेवला गेला.

त्यानंतर हळूहळू हे ठरलं की पोहणाऱ्याने स्वतःचं घड्याळ स्वतःच थांबवायचं. टचपॅड. भिंतीवर पाण्याखाली बसवलेलं पॅनल, हाताने दाबलं की वेळ बंद, पाण्याच्या लाटेने मात्र बंद होत नाही, हे जमवणं सोपं नव्हतं. १९६७ ला विनिपेगच्या पॅन अमेरिकन गेम्समध्ये आलं आणि १९६८ ला मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्ये. मला ही कल्पना फार सुंदर वाटते, पंच नाही, शिट्टी नाही, तुझाच हात तुझी वेळ सांगतो.

मग लगेच पुढचा घोळ. १९७२ म्युनिक, ४०० मीटर मेडले, स्वीडनचा गुन्नार लार्सन ४ मिनिटं ३१.९८१ आणि अमेरिकेचा टिम मॅकी ४ मिनिटं ३१.९८३. दोन हजारांश सेकंद! त्या वेगाने हिशोब केला तर साधारण ३ मिलिमीटर होतात. आणि पूल बांधताना एका लेनची लांबी दुसरीपेक्षा तेवढी कमीजास्त सहज असू शकते, मग आपण पोहणारा मोजतोय की गवंड्याचं काम मोजतोय? म्हणून नंतर ठरलं की पोहण्यात शंभरांशच्या पुढे जायचंच नाही. यंत्राला जमतं तरी नाही. बरोबरी आली तर बरोबरी द्यायची.

याचं फळ रिओला दिसलं. १०० मीटर बटरफ्लायची फायनल. सिंगापूरचा जोसेफ स्कूलिंग ५०.३९ मध्ये पहिला, त्याच्या देशाचं ऑलिंपिकमधलं पहिलंच सोनं. आणि मागे तीन जण, मायकल फेल्प्स, चॅड ले क्लोस, लास्लो चेह, तिघंही ५१.१४. तिघांना रौप्य आणि ब्राँझ कोणालाच नाही. हाच फेल्प्स २००८ ला बीजिंगमध्ये याच शर्यतीत ५०.५८ विरुद्ध ५०.५९ असा एका शंभरांशने जिंकला होता. तिघं जण पोडियमच्या एकाच पायरीवर उभे आहेत तो फोटो माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच ऑलिंपिकमध्ये बायकांच्या १०० मीटर फ्रीस्टाइलला सिमोन मॅन्युएल आणि पेनी ओलेक्सियाक दोघींना ५२.७० साठी सोनं. दोन सुवर्णपदकं, कोणाचं काढून घेतलं नाही. मला हा निकाल रोमच्या निकालापेक्षा शंभरपट मोठ्या मनाचा वाटतो.

(आपल्या लोकांना हा शंभरांश समजावून सांगावा लागत नाही म्हणा. १९८४ ला पी. टी. उषाचं ब्राँझ ५५.४२ आणि ५५.४१ यांच्या मध्ये गेलं. आणि रिओलाच आपली ललिता बाबर ३००० मीटर स्टीपलचेसच्या हीटमध्ये ९ मिनिटं १९.७६ धावली, तेव्हाचं नॅशनल रेकॉर्ड, आणि फायनलला गेली, दहावी आली. उषानंतर ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीची फायनल गाठणारी ती आपली पहिली बाई. घड्याळ घ्यायचं ठरलं तेव्हा रिओचंच हवं असं जे मनात होतं त्यात ललिताचा वाटा मोठा आहे.)

आता खरी गंमत, जी मी प्रत्येकाला सांगायचा प्रयत्न करते आणि अर्धवट राहते. हे जे माझ्या हातातलं घड्याळ आहे ना, त्याला हे काहीच मोजता येत नाही. शंभरांश सोडा. मेकॅनिकल मशीन आहे, सेकंदाला सात ठोके देतं, म्हणजे सेकंदाचा काटा सेकंदात सात छोटी पावलं टाकतो. क्रोनोमीटर, म्हणजे तपासून अचूक ठरवलेलं घड्याळ, म्हणून पास व्हायचं तर दिवसाला सरासरी उणे ४ ते अधिक ६ सेकंदांच्या आत असावं लागतं, आणि ते चांगलं समजतात. रिओला फिनिश लाइनवर जो कॅमेरा लावला होता तो सेकंदाला १०,००० फ्रेम घेत होता. कुठे ते आणि कुठे हे.

पण डायव्हरच्या घड्याळाचं काम वेगळंच आहे आणि ते समजलं की त्याच्यावर जीव बसतो. पाण्याखाली गेलेल्या माणसाला शंभरांश नको असतो, त्याला फक्त एवढं हवं असतं की मी खाली येऊन किती मिनिटं झाली, हवा किती उरली असेल. म्हणून ते बेझल, बाहेरचं फिरणारं कडं. बुडी मारताना त्यावरची खूण मिनिट काट्यासमोर आणायची, मग काटा जिथे जाईल तेवढी मिनिटं झाली. आणि ते कडं एकाच बाजूला फिरतं, उलट्या. का? तर खाली कुठे खडकाला घासलं, धक्का लागला, तर ते सरकून झालेली मिनिटं जास्तच दाखवेल, कमी कधीच नाही. चुकलं तर माणूस लवकर वर येईल, उशिरा नाही. चूक होणारच हे धरून, ती माणसाच्या बाजूने व्हावी असं बनवलेलं यंत्र. मला हे इतकं आवडतं की मी पूलवर लोकांना हातात देऊन फिरवून दाखवते, कट्कट्कट् असं फिरतं, एकेक दात बोटाला जाणवतो.

दहाच्या ठिकाणी जी दुसरी छोटी चावी दिसते ती हेलियमची झडप. खूप खोलवर दिवसेंदिवस राहून काम करणारे डायव्हर हेलियम मिसळलेल्या हवेत राहतात, ते बारीक अणू घड्याळात शिरतात आणि वर येताना काच उडवू शकतात, म्हणून त्यांना बाहेर पडायला वाट. मला आयुष्यात लागणार नाही. असू दे.

मी पोहते, रोज नाही पण आठवड्यातून चार दिवस, आणि हे घड्याळ घालूनच पोहते. यावर घड्याळवाल्या मित्रमंडळींचा आरडाओरडा असतो, अगं लिमिटेड एडिशन आहे, नंबरचं आहे, बॉक्स-पेपर्स आहेत ना, लॉकरमध्ये ठेव, पुढे भाव येईल. मी हे जुनंच घेतलंय, आधीच्या मालकाने लॉकरमध्येच ठेवलं होतं, पट्ट्यावर एक ओरखडा नव्हता. पुढे भाव येईल का या प्रश्नाला माझं उत्तर सरळ आहे, त्या आशेने घेऊ नका. ३,०१६ म्हणजे काही मूठभर नाहीत, त्याच ऑलिंपिकसाठी बुलहेड नावाचं दुसरं मॉडेल निघालं त्याचे फक्त ३१६ होते. आवडलं तर घ्या आणि वापरा. फक्त एक, चावी घट्ट फिरवून बंद आहे का ते पाण्यात जायच्या आधी प्रत्येक वेळी बघा. माझ्या आधीच्या घड्याळात एकदा चावी अर्धवट राहिली आणि काचेच्या आतून धुकं धरलं, त्या दिवशी मी पूलच्या काठावर बसून अक्षरशः रडले होते. ३०० मीटर असं लिहिलेलं असतं ते चावी बंद असेल तर. आणि रबराच्या सीलही वेळच्या वेळी तपासून घ्यायच्या, त्या जुन्या होतात.

पोहायला उतरताना मी बेझल लावते, ४० मिनिटं धरून. शेवटच्या लेंथला मी मुद्दाम जोर लावते आणि भिंतीला दोन्ही हात टेकवते, तिथे टचपॅड वगैरे काही नाही, साध्या निळ्या टाइल्स आहेत. मग मनगट पाण्याबाहेर काढून बघते. पाणी डायलवरून ओघळत असतं आणि त्याच्या खाली त्या लाटा. कधी ३८ झालेली असतात, कधी ४३.

आणि हो, काकूंचा अजून एक प्रश्न होता, एवढं महागाचं तर वेळ तरी बरोबर दाखवतं का. दिवसाला तीनेक सेकंद पुढे जातं. रविवारी सकाळी मी चावी ओढून सेकंद काटा बारावर थांबवते, मोबाईलवर मिनिट बदलायची वाट बघते आणि आत दाबते.