पडद्यावरची नोंद : आत एक

मी सांगली-मिरज परिसरातील एका पशुजैवतंत्रज्ञान संशोधन केंद्रात सुरक्षा अधिकारी आहे. आमच्या तळमजल्याच्या टोकाला द्रव नायट्रोजनची एक खोली आहे. खिलार वळूंच्या आणि पंढरपुरी रेड्यांच्या गोठीत रेतमात्रा, काही भ्रूण आणि माडग्याळ मेंढीच्या पेशींचे नमुने तिथल्या पात्रांमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवलेले असतात. खोलीत जायला कार्ड लागते, ते प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांनाच मिळते, आणि दाराबाहेरच्या यंत्रावर ऑक्सिजनचे प्रमाण १९.५ टक्क्यांखाली गेले की श्वसनसंच घातल्याशिवाय कोणीही आत पाऊल टाकायचे नाही, असा नियम आहे. गेली काही वर्षे हा नियम दारावर लॅमिनेशन करून लावलेला होता आणि त्यावर कोणाचाही आक्षेप नव्हता. मे महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी मात्र तो प्रत्यक्ष पाळण्याची वेळ आली.

आमच्या भागात द्रव नायट्रोजनची भीती कोणाला वाटत नाही, हे आधी सांगायला हवे. कृत्रिम रेतन करणारी माणसे नायट्रोजनचा कॅन मोटारसायकलला अडकवून तासगाव, जत, आटपाडीच्या वाड्यावस्त्यांवर रोज फिरतात; गोठ्यापुढे झाकण उघडले की पांढरा धूर निघतो आणि मुले तो बघायला गोळा होतात. उघड्या अंगणात त्याने काहीही होत नाही, आणि नेमकी तीच सवय घेऊन आमच्याकडे नवे तंत्रज्ञ येतात. बंद खोलीत हिशेब वेगळा असतो. एक लिटर द्रव नायट्रोजनचा सुमारे सातशे लिटर वायू होतो. आमची खोली साठ घनमीटरची आहे. दुधाचा अर्धा कॅन भरेल एवढा, म्हणजे वीस लिटर, नायट्रोजन तिथे सांडला, तर चौदा घनमीटर वायू तयार होतो, तेवढी हवा बाहेर ढकलली जाते आणि ऑक्सिजन एकवीस टक्क्यांवरून सोळा टक्क्यांच्या आसपास येतो. हे सरासरीचे गणित झाले. थंड वायू जड असल्यामुळे तो आधी जमिनीलगत साठतो आणि तिथले प्रमाण याहून बरेच कमी असू शकते.

त्याहून वाईट गोष्ट अशी की माणसाला यातले काहीच जाणवत नाही. श्वास कोंडल्यावर जी तगमग होते ती शरीरात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते, ऑक्सिजन कमी पडल्यामुळे नव्हे. नायट्रोजनच्या खोलीत कार्बन डायऑक्साइड नेहमीसारखा बाहेर पडत राहतो, त्यामुळे छाती भरून येत नाही, वास येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. विचार मंदावतो, पण आपला विचार मंदावला आहे हे कळण्याची शक्तीही त्याबरोबरच जाते. प्रमाण फारच उतरले असेल, तर एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते. प्रशिक्षणात मी हे प्रत्येक तुकडीला सांगते आणि प्रत्येक तुकडीत कोणीतरी विचारतेच की मॅडम, श्वास रोखून पटकन जाऊन आले तर चालणार नाही का.

त्या दिवशी दुपारभर उकाडा होता आणि संध्याकाळी वळीव आला. विजा, वारा, मोठाले थेंब, आणि नेहमीप्रमाणे वीज गेली. जनित्र सुरू झाले. परंतु नायट्रोजनच्या खोलीतला हवा ओढणारा पंखा जनित्राच्या लाइनवर जोडलेलाच नव्हता. इमारतीचे विद्युतकाम करणाऱ्या ठेकेदाराने नकाशात तो दाखवला होता, प्रत्यक्षात तार दुसऱ्याच पेटीत गेली होती. त्याच वेळी खोलीत एक मोठे पात्र नायट्रोजनच्या टाकीतून आपोआप भरले जात होते. वीज गेली की भरणीचा विद्युत व्हॉल्व्ह मिटायला हवा, तशीच त्याची रचना असते. पण आत शिरलेल्या दमटपणाचा बर्फ होऊन तो अर्धवट उघडाच अडकला. पात्र भरून वाहू लागले, आणि बॅटरीवर चालणारा ऑक्सिजनचा भोंगा वाजू लागला.

सुरक्षारक्षक काकांचा फोन आला तेव्हा मी विश्रामबागेत घरी होते. ते माजी सैनिक आहेत, एजन्सीमार्फत आमच्याकडे आहेत, आणि फोनवर त्यांनी सांगितले ते इतकेच : “मॅडम, भोंगा वाजतोय, आकडा सतरा पॉइंट एक हाय, पंखा बंद हाय. मी दार उघडलेलं न्हाई. आन् पडद्यावर आत एक दाखवतंय.”

या शेवटच्या वाक्याने माझे हातपाय गळाले. खोलीच्या दाराची संगणकीय नोंद रक्षकांच्या केबिनमधल्या पडद्यावर दिसते : कोणाचे कार्ड किती वाजता आत गेले, किती वाजता बाहेर आले. त्यात एका संशोधक विद्यार्थिनीचे नाव सहा वाजून दहा मिनिटांनी आत गेल्याचे होते, बाहेर पडल्याची नोंद नव्हती. मात्र मुख्य फाटकावरच्या कागदी रजिस्टरमध्ये तिची सहा चाळीसची सही होती. सात वाजता रक्षकांची पाळी बदलली होती, त्यामुळे काकांनी तिला जाताना स्वतः पाहिलेले नव्हते, आणि ज्यांनी पाहिले असेल त्या रक्षकांचा फोन लागत नव्हता. मुलीचा फोनही बंद होता. मी अग्निशमन दलाला फोन करून ऑक्सिजनची कमतरता, बंद खोली आणि आत माणूस असण्याची शक्यता या तिन्ही गोष्टी सांगितल्या, श्वसनसंच घेऊनच या असे बजावले, आणि पावसात स्कूटर काढली.

मी पोहोचले तेव्हा दाराशी वाद पेटलेला होता. तिचे मार्गदर्शक असलेले आमचे ज्येष्ठ शास्त्रज्ञ आवारातच राहतात; भोंगा ऐकून ते धावत आले होते. सुरुवातीला त्यांना नमुन्यांची काळजी होती. ती अनाठायी होती, कारण पात्र ओसंडून वाहत असले तरी आतले नमुने द्रवात बुडालेलेच असतात आणि झाकलेले भरलेले पात्र वीज नसतानाही कित्येक दिवस थंड राहते. पण पडद्यावरचे नाव पाहिल्यावर नमुने ते विसरूनच गेले. ऑक्सिजन कमी झाल्यामुळे कार्ड चालत नव्हते, म्हणून ते काकांकडे आपत्कालीन चावी मागत होते, आणि काका दाराला पाठ लावून उभे होते.

“सर, चावी माझ्याकडंच हाय, पर मी देणार न्हाई.”

“अहो, पोरगी आत पडली असेल! तुमची मुलगी असती तर?”

“माझी असती तरी दिली नसती, सर. तुम्ही आत गेला तर मग दोघांना काढायचं.”

सरांनी माझ्याकडे वळून म्हटले, “मॅडम, ह्यांना सांगा. नियम माणसांसाठी असतात, माणसं नियमांसाठी नसतात.” एरवी मी हे वाक्य मान्य केले असते, आमच्याच कार्यालयातले अर्धे नियम त्या कसोटीला उतरणार नाहीत. परंतु हा नियम आत पडलेल्या माणसासाठी लिहिलेलाच नाही; तो त्याच्यामागे धावणाऱ्या दुसऱ्या माणसासाठी आहे. अमेरिकेतील कामगार सुरक्षा संशोधन संस्थेने १९८६ मध्ये बंदिस्त जागांविषयी जो इशारा प्रसिद्ध केला, त्यात अशा ठिकाणी मेलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक माणसे मदतीला गेलेली होती असे नमूद आहे. २८ जानेवारी २०२१ रोजी जॉर्जिया राज्यातील गेन्सव्हिल येथे कोंबडीचे मांस गोठवणाऱ्या कारखान्यात द्रव नायट्रोजन सांडून सहा जण दगावले; तिथे हवा तपासून धोक्याची सूचना देणारे यंत्रच नव्हते आणि काय झाले ते पाहायला कामगार आत जात राहिले. आमच्याकडे यंत्र होते, ते ओरडत होते, आणि तरीही एक अनुभवी, हुशार, भला माणूस आत जायला निघाला होता. मी सरांना एवढेच म्हटले की काकांनी जे केले ते माझ्या आदेशानेच केले आहे असे समजा, आणि दारापासून मागे या.

हे म्हणणे सोपे नव्हते. दाराच्या काचेतून आत पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नव्हते; धुके नायट्रोजनचे नसते, हवेतल्या बाष्पाचे असते, आणि वळवाच्या दमट हवेत ते दाट होते. बॅटरीचा झोत टाकला तरी जमीन दिसेना. आकडा १६.४ वर आला होता, पण ऑक्सिजन मोजणारा भाग दीड मीटर उंचीवर बसवलेला होता. जमिनीवर पडलेल्या माणसाच्या नाकाशी किती ऑक्सिजन असेल हे त्यावरून सांगता येत नव्हते. श्वसनसंच आमच्याकडे नव्हते. दोन संचांची मागणी वर्षभर खरेदीच्या फाइलमध्ये फिरत होती, आणि त्या घटकेला त्या फाइलवर शेरे मारणाऱ्या प्रत्येकाची मला मनापासून चीड आली.

जे बाहेरून करता येईल ते आम्ही केले. व्हरांड्याची दोन्ही टोकांची दारे उघडली, सगळ्यांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे केले, आणि पंखा बाहेरच्या पेटीतून जनित्रावर घ्यायला विद्युत तंत्रज्ञाला सांगितले. पंखा फिरू लागला आणि आकडा जागच्या जागी थांबला, मग सावकाश चढू लागला. दरम्यान मी कार्यालयातून विद्यार्थिनीचा प्रवेश अर्ज काढून तिच्या पलूसच्या घरी फोन लावला. आईने उचलला. मी नाव सांगून ती आली आहे का विचारले, तर त्या म्हणाल्या, “आत्ताच एस्टीतनं उतरून आलीय, पाय धुतीय. का हो मॅडम, काय झालं?”

मी फोन सरांच्या हातात दिला. ते तिच्याशी दोन वाक्ये बोलले आणि पायरीवर बसले.

तरीही अग्निशमन दलाचे जवान आल्यावर मी त्यांना खोली तपासायला लावलीच. पडद्यावर एक नाव चुकीचे असू शकते, तर नोंदच न झालेले दुसरे कोणी आत असू शकते. शिवाय व्हॉल्व्ह अजून वाहतच होता. दोघे जण श्वसनसंच घालून आत गेले, हाताने झडप बंद केली, पात्रांच्या मागचा कोपरान् कोपरा पाहिला आणि खोली रिकामी असल्याचे सांगितले. नंतर टाकीची पातळी मोजली तेव्हा वीस लिटरच्या आसपास नायट्रोजन वाया गेल्याचे दिसले.

विद्यार्थिनीची बाहेर पडल्याची नोंद का झाली नव्हती, ते सोमवारी कळले. तिच्या दोन्ही हातांत ट्रे होता, पुढच्या तंत्रज्ञाने स्वतःचे कार्ड लावून दार धरून ठेवले, आणि ती त्याच्या मागोमाग बाहेर पडली. कोणीही तेच केले असते. आपल्याकडे मागच्या माणसासाठी दार न धरणे हा उद्धटपणा मानतात.

पुढच्या सुरक्षा समितीच्या बैठकीत एका सदस्यांनी सुचवले की बाहेर पडतानाही कार्डाशिवाय दार उघडूच नये, म्हणजे नोंद चुकणार नाही. मी याला जितक्या जोराने विरोध केला तितका क्वचितच कशाला केला असेल. आतून दाराचा दांडा ढकलला की ते उघडलेच पाहिजे. गुदमरू लागलेल्या किंवा आगीतून पळणाऱ्या माणसाला खिशातले कार्ड शोधायला लावणे म्हणजे नोंद वाचवण्यासाठी माणूस घालवणे होय. मग याचा अर्थ असा होतो की बाहेर पडल्याची संगणकीय नोंद कधीच पूर्ण भरवशाची असणार नाही, आणि हे समितीला पटवायला बराच वेळ लागला. अखेर कोळसा खाणीत चालते तशी बिल्ल्यांची पद्धत आम्ही घेतली : आत जाताना दाराबाहेरच्या फळीवर आपल्या नावाचा पितळी बिल्ला अडकवायचा, बाहेर आल्यावर काढून घ्यायचा. तोही कोणी विसरेलच. पण पडदा, फळी आणि फाटकाचे रजिस्टर अशा तीन नोंदी जुळवता येतात. ऑक्सिजनचे दुसरे यंत्र गुडघ्याच्या उंचीवर बसवले, पंखा जनित्रावर आला, टाकीची मुख्य झडप भिंतीच्या बाहेर काढली, आणि श्वसनसंचांची फाइल एका आठवड्यात मंजूर झाली.

काकांविरुद्ध तक्रार मात्र त्याआधीच गेली होती. ती सरांनी केली नव्हती. त्या रात्री व्हरांड्यात उभ्या असलेल्या दुसऱ्याच एका अधिकाऱ्याने ‘कंत्राटी कर्मचाऱ्याने वरिष्ठ शास्त्रज्ञांशी असभ्य वर्तन केले’ असे एजन्सीला कळवले होते, आणि एजन्सीने काकांची बदली कुपवाडच्या एका गोदामावर करायची तयारी चालवली होती. मी घटनेचा मिनिटागणिक अहवाल जोडून संचालकांना टिपण दिले. सरांनीही एक पत्र लिहिले; त्यात काकांची स्तुती नव्हती, फक्त ‘मला चावी नाकारली गेली, ते योग्य होते’ एवढेच होते, आणि कामाला तेच आले. बदली थांबली. संचालकांच्या सहीने एक कार्यालयीन आदेशही निघाला की भोंगा वाजत असताना दारावरच्या रक्षकाने दिलेला नकार हा संचालकांचा नकार समजावा, मग समोर खुद्द संचालक असले तरी.

काकांनी त्या आदेशाची प्रत मागून घेतली आणि केबिनमध्ये, पडद्याच्या शेजारी, चिकटपट्टीने लावली. दार धरून ठेवण्याची सवय अजून गेलेली नाही. परवाच्या तपासणीत फळीवर तीन बिल्ले होते आणि खोलीत दोन माणसे. तिसऱ्याला शोधून काढून मी बिल्ला त्याच्या हातात दिला आणि प्रशिक्षणाला पुन्हा बसवले.