मराठी कीबोर्ड चालू असला तरी नॉब चालायलाय!

सुटला बाबा एकदाचा प्रश्न. माझ्या नऊ बटणांच्या छोट्या कीबोर्ड-पॅडवरचा नॉब फिरवला की क्रिटात (चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) ब्रश कधी लहान-मोठा होतोय आन कधी ढिम्म, हे मागच्या अपडेटमधे लिहिलंच होतं. नॉबखालच्या एन्कोडरच्या (फिरणं ओळखणारा भाग) दोन्ही पिनांवर १०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर लावले, क्यूएमकेमधे (पॅडच्या आतला प्रोग्राम) रिझोल्यूशन ४ वरून २ केलं, एन्कोडर बदलून आल्प्सचा ईसी११ बसवला (महाग पडतो पण क्लिक काय सुंदर आहे त्याची, बिननावाचे लूज एन्कोडर घेऊच नका, शाफ्ट हलतो), तरी फरक पडेना.

मग लक्षात यायला लागलं की चित्रातल्या लेअरला मराठीत नाव दिलं की लगेच नॉब बंद पडतो. सध्या क्रिटात पैठणीच्या पदराचं डिझाईन करायलोय, त्यात ‘बांगडी मोर’, ‘मुनिया’, ‘आसावली’ अशी नावं टाकतो इनस्क्रिप्टनं (मराठी कीबोर्डची मांडणी), आन तसंच मराठी चालू ठेवून परत ब्रश धरतो. नोटपॅड उघडलं, मराठी चालूच, नॉब डावीकडं फिरवला तर स्क्रीनवर ड ड ड ड ड! उजवीकडं फिरवला तर नुसते नुक्ते (अक्षराखालची टिंबं). म्हणजे बोर्ड बिचारा बरोबरच काम करायलता. कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही, कुठली की दाबली तेवढा नंबर पाठवतो, अक्षर विंडोज ठरवतं, नॉब पाठवतो चौकटी कंसांच्या की, क्रिटात त्यांनीच ब्रश लहान-मोठा होतो, आन त्याच कंसांच्या जागी इनस्क्रिप्टमधे ड आणि नुक्ता बसलेत.

प्रत्येक विंडोला वेगळी भाषा ठेवायची सेटिंग असते, पण लेअरचं नाव त्याच विंडोत टाकायचं असतं म्हटल्यावर तिचा काय उपयोग. शेवटी व्हायामधे (पॅडवरच्या कुठल्या बटणानं कुठली की पाठवायची ते ठरवायचं सॉफ्टवेअर) एन्कोडरला एफ१३ आणि एफ१४ दिले, म्हणजे एफ१२ च्या पुढच्या, नेहमीच्या कीबोर्डवर नसणाऱ्या की. ह्या कीला कुठल्याच भाषेत अक्षर नाही. क्रिटाच्या शॉर्टकटच्या चौकटीत क्लिक करायचं आन नॉब एक घर फिरवायचा, तिथं एफ१३ उमटतं. ते उमटलेलं बघून जे बरं वाटलंय ना!

लिनक्सवाल्यांनो, तिकडं एफ१३ ला टूल्स, लाँच असली नावं आधीच दिलेली असतात, एक्सकेबीत (तिथली कीबोर्डची सेटिंग) बदल करावा लागंल.

आता बाकीच्या बटणांचंही तेच करणार. ई दाबलं की इरेझरऐवजी काना, एम दाबलं की मिररऐवजी स, हे कशाला सहन करायचं? एफ२४ पर्यंत १२ की आहेत, शिफ्ट धरून २४. नऊ बटणांच्या पॅडला लई झाल्या.

नॉब दाबून धरला की कॅनव्हास फिरवायचा असं ठरवलं होतं, कारण मोराभोवतीची गोल बांगडी कॅनव्हास फिरवल्याशिवाय एका दमात निघत नाही. पण लिहिता लिहिताच वाटायलंय की दाबून फिरवण्यात बोटं अवघडतील, त्यापेक्षा खालची तीन बटणं काढून दुसरा एन्कोडरच टाकावा. प्लेट नव्यानं कापून घ्यावी लागंल, घेऊ. माझे नॉब २० मिमीचे आहेत, दोन शेजारी बसवले तर मधे किती जागा सोडू? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, मग कटिंगला देतो.