तळघर सामानात येत नाही

पॅरिसहून दिजाँ आणि तिथून वाइनसाठी प्रसिद्ध असलेल्या बर्गंडी प्रांतातले बोन, एवढा प्रवास विनातक्रार झाला. बोनमधले 1443 साली स्थापन झालेले, रंगीत कौलांचे रुग्णालय मात्र इतक्या गर्दीत पाहावे लागले की मला तिचा वीट आला आणि दुसऱ्या सकाळी आम्ही दोघे भाड्याच्या सायकलींवरून, द्राक्षमळ्यांमधल्या वाटेने व्होल्ने या गावाला निघालो.

वेळ आधी ठरवून घेतलेल्या एका लहानशा वाइन उत्पादकाच्या घरी, साठीच्या मालकीणबाईंनी आम्हाला दगडी पायऱ्यांवरून तळघरात नेले. वर जुलैचे ऊन तापत होते आणि खाली 13 अंशांच्या आसपासचा गारवा होता. भिंतींवर काळी बुरशी दाटलेली आणि पायाखाली नुसती खडी, कारण जमिनीची ओल हवेत राहिली तरच वर्षानुवर्षे आडव्या पडलेल्या बाटल्यांची बुचे सुकत नाहीत. त्यांनी 228 लिटरच्या ओकच्या पिंपात काचेची नळी बुडवून घोटभर वाइन माझ्या पेल्यात सोडली, मग शेजारच्या पिंपातली माझ्या नवऱ्याच्या पेल्यात. पहिली व्होल्नेची, दुसरी पोमारची. द्राक्ष तेच पिनो न्वार, हंगाम तोच, करणारे हात तेच आणि गावे एकमेकांना खेटून. तरी पहिलीला पिकल्या जांभळाचा वास येत होता आणि ती घशाखाली अलगद उतरत होती, तर दुसरी कच्च्या करवंदासारखी तुरट लागत होती. पोमारच्या जमिनीत चिकणमाती आणि लोह अधिक, एवढेच त्या म्हणाल्या. 2015 साली युनेस्कोच्या यादीत गेलेले इथले ‘क्लिमा’, म्हणजे स्वतःचे नाव असलेले जमिनीचे तुकडे, मला तोवर भाव वाढवण्याची युक्तीच वाटत होते.

चव घेऊन थुंकायची असते, हे मला ठाऊक होते. पण ताटात काही टाकायचे नाही या संस्कारात वाढलेल्या मला ते काही केल्या जमेना, आणि चौथ्या पिंपापाशी कान गरम झाले. शेवटी त्यांनी 1999 ची एक व्होल्ने उघडली. कडेला विटकरी झालेल्या त्या वाइनला आधी कसलाच वास नव्हता. दहा मिनिटांनी पावसात भिजलेल्या पाचोळ्याचा वास यायला लागला आणि आम्ही बोलायचे थांबलो.

येताना त्यांच्याकडून प्रीमिए क्रूची, म्हणजे वरच्या दर्जाच्या मळ्यातली, एक कोवळी बाटली घेतली आणि ती दहा वर्षे ठेवण्याचे वचन दिले. पुण्यात ती पलंगाखाली आडवी ठेवली. दुसऱ्या मे महिन्यात उकाड्याने बूच वर सरकलेले दिसले, गळ्याशी चिकट ओघळ होता आणि उघडल्यावर शिजवलेल्या मनुकांचा वास आला. तिथे एक घोट थुंकायला माझा जीव होत नव्हता. इथे अख्खी बाटली मोरीत ओतली.